ब्रायन मेचा टोन आपल्या गिटारवर कसा काढायचा: पिकअप, ट्रेबल बूस्टर आणि एसी३०

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याच्यासारखा टोन हवा असेल तर सगळ्यात आधी डिस्टॉर्शन पेडल बोर्डवरून काढून ठेवा. क्वीनच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड्सवर जो गिटारचा आवाज आहे ना, गाणारा, थोडासा नाकातला, एक सूर धरला की लांबपर्यंत टिकणारा, तो गिटार, एक छोटा ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर जोरात करणारा डबा) आणि आवाज पूर्ण उघडलेला व्हॉक्स एसी३० अॅम्प एवढ्यावर उभा आहे. बाकी सगळं बोटांत आणि गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर. ऐकायला एकदम सोपं वाटतं, पण हे तिन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत, एक बदललं की दुसऱ्याचं गणित बिघडतं, म्हणून कोणी नुसते महागडे पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक-कॉइल) टाकतं, कोणी नुसता एसी३० चा प्रिसेट लावतं आणि मग म्हणतं की काही जमत नाही बुवा. पूर्ण साखळी एकत्र विचारात घेतली तर साध्या गिटारवरही खूप जवळ जाता येतं, हे मी अगदी खात्रीने सांगते.

क्वीन म्हटलं की आपल्याकडे पाचगणीचा विषय निघतोच, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि शाळेतल्या हेक्टिक्स नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पण गिटारची गोष्ट लंडनच्या पश्चिमेकडच्या एका घरातली आहे. ब्रायन आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी १९६३ मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली, साधारण दोन वर्षं लागली. नेकचं महोगनी जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतून, बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या आणि ट्रेमोलो आर्मच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. हीच ती रेड स्पेशल, पन्नासहून जास्त वर्षं तो हीच वाजवतोय. आपल्यासाठी यातल्या टोनच्या गोष्टी महत्त्वाच्या: स्केल लेंथ (तारेची वाजणारी लांबी) २४ इंच म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅट गिटारपेक्षा दीड इंच कमी, त्यामुळे तारा मऊ लागतात, बॉडीत पोकळ कप्पे आहेत त्यामुळे अॅम्पसमोर उभं राहिलं की गिटार फीडबॅकमध्ये गोड गाते, आणि तिसरं सगळ्यात मोठं, पिकअपचं वायरिंग.

आधी पिकअप बघू. रेड स्पेशलमध्ये बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सोनिक पिकअप आहेत. ब्रायनने आधी स्वतः पिकअप बनवून पाहिले होते पण शेवटी हे विकत आणले आणि आतमध्ये अॅराल्डाइट ओतून कॉइल घट्ट बसवली, कारण जास्त गेनवर (सिग्नल खूप वाढवल्यावर) सैल कॉइल मायक्रोफोनसारखी वागायला लागते आणि कर्कश शिट्टी मारते. हा फरक नीट लक्षात घ्या. तारेचा फीडबॅक आपल्याला हवाय, तो सुरात असतो आणि बोटाने वळवता येतो, पण पिकअपची शिट्टी तार दाबून धरली तरी थांबत नाही. तुमच्या गिटारवर हे होत असेल तर पिकअप चांगल्या टेक्निशियनकडून मेणात पॉट करून, म्हणजे कॉइल मेणाने घट्ट बसवून घ्या, कारण पुढे जो बूस्टर लावणार आहोत तो ही शिट्टी अजून मोठी करणार आहे.

ट्राय-सोनिक हा सिंगल कॉइल आहे, पण स्ट्रॅटच्या पिकअपपेक्षा रुंद आणि थोडा जाड आवाजाचा. खरी जादू मात्र तिन्ही एकमेकांना सीरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडल्यात आहे. नेहमीच्या स्ट्रॅटमध्ये दोन नंबर आणि चार नंबर पोझिशनला दोन पिकअप पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी जोडलेले) असतात, म्हणून तो पातळ, टणटणीत, स्वच्छ आवाज येतो. तेच दोन पिकअप सीरीजमध्ये जोडले की आउटपुट वाढतं, मिड्स (मधले स्वर) पुढे येतात, वरची धार थोडी गोल होते, आणि तरी दोन्ही पिकअप तारेच्या वेगवेगळ्या जागेवरून आवाज घेत असल्यामुळे हमबकरपेक्षा (दोन कॉइलच्या पिकअपपेक्षा) जास्त मोकळं वाटतं. ब्रायनचं नेहमीचं सेटिंग ब्रिजजवळचा आणि मिडल म्हणजे मधला असे दोन्ही पिकअप चालू, इन फेज, म्हणजे दोघांचा सिग्नल एकाच दिशेने. फक्त एवढं एक कॉम्बिनेशन तुमच्या गिटारवर मिळालं तरी निम्म्याहून जास्त काम झालं असं समजा.

आता स्ट्रॅटवर हे कसं करायचं. पूर्ण रेड स्पेशल वायरिंगसाठी प्रत्येक पिकअपला दोन स्विच लागतात, एक ऑन-ऑफ आणि एक फेजचा, म्हणजे एकूण सहा, आणि हे डीपीडीटी (दोन वायरी एकदम फिरवणारे) स्लाइड स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. पिकअपच्या दोन वायरी आधी फेज स्विचवर जातात, तिथे एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलट जोडणी करायची. तिथून निघालेल्या दोन वायरी ऑन-ऑफ स्विचवर, आणि इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण सीरीजमध्ये ऑफ करणं म्हणजे पिकअपची वायर तोडणं नव्हे. तोडली तर अख्खी साखळी बंद पडेल. ऑफ पोझिशनला त्या पिकअपची दोन टोकं एकमेकांना जोडली गेली पाहिजेत, म्हणजे सिग्नल त्याला वळसा घालून पुढे जातो. मग पहिल्याचं एक टोक ग्राउंडला, दुसरं टोक पुढच्या पिकअपच्या सुरुवातीला, असं करत शेवटचं टोक व्हॉल्यूम पॉटवर, म्हणजे व्हॉल्यूम नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर. तिन्ही ऑफ केले की गिटार गप्प होते, ते बरोबरच आहे, घाबरू नका.

सोल्डर करण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच पिकअपचं मेटल कव्हर किंवा खालची पट्टी कॉइलच्या ग्राउंड वायरलाच जोडलेली असते. असा पिकअप साखळीच्या मध्ये टाकला किंवा फेज उलटा केला की कव्हर सिग्नलवर येतं, मग कव्हरला हात लागला की भूं करतं. तो जोड कापून कव्हरला वेगळी ग्राउंड वायर द्यायची, मगच पुढचं. आणि काम झाल्यावर मल्टिमीटर जॅकवर लावून बघा, एक पिकअप समजा सात किलोओहमच्या आसपास दाखवत असेल तर दोन चालू केल्यावर चौदाच्या जवळ आलं पाहिजे. आकडा अर्धा झाला तर कुठेतरी पॅरलल जोडलंय.

एवढा उद्योग नको असेल तर एक पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचसारखा चालणारा) घ्या आणि फक्त ब्रिज-मिडल सीरीज होईल असं करून घ्या, कोणताही गिटार रिपेअरवाला हे करून देईल. ब्रिजला हमबकर असलेली गिटार असेल तर हमबकर स्प्लिट करून त्याची एक कॉइल मिडलसोबत सीरीजमध्ये जोडली तर आवाज बराच जवळ जातो. नुसता हमबकर पूर्ण वापरला तर जाडी येते पण तो नाकातला स्वर येत नाही, माझ्या मते तिथेच बहुतेकांचा टोन "हार्ड रॉक" वाटतो पण ब्रायन वाटत नाही.

आउट ऑफ फेज हा वेगळाच प्रकार आहे. दोन पिकअप एकमेकांच्या विरुद्ध लावले की दोघांत सारखं असलेलं सगळं, म्हणजे मुख्यतः खालचे सूर आणि बेस, कापलं जातं आणि उरतात ते वरचे हार्मोनिक. क्लीनवर हे अगदी किरकिरं आणि पोकळ वाटतं, लोक इथेच कंटाळून स्विच परत सरळ करतात. पण बूस्टर चालू करून अॅम्प तापवला की तेच कॉम्बिनेशन किंचाळायला लागतं, विशेषतः नेक आणि ब्रिज आउट ऑफ फेज. तेव्हा फेजचे स्विच नेहमी पूर्ण गेनवरच तपासा. हमची, म्हणजे सततच्या घूं आवाजाची, तयारीही ठेवा: मिडल पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल तर इन फेज जोडीत हम कमी होतो, आणि त्याच जोडीचा फेज फिरवला की हम परत येतो. गिटारच्या पोकळीत कॉपर फॉइल लावून ग्राउंडला जोडलं तर थोडा दिलासा मिळतो.

आता बूस्टर. ब्रायन तरुणपणी लंडनच्या मार्की क्लबमध्ये रॉरी गॅलाघरला टेस्ट या बँडसोबत ऐकायला जायचा, आणि शो संपल्यावर थांबून त्याने सरळ विचारलं की हा आवाज कुठून येतो, रॉरीने दाखवलं की एसी३० आणि त्याच्या आधी हा छोटा डबा. तो डबा म्हणजे डॅलस रेंजमास्टर, राखाडी रंगाची पेटी, अॅम्पच्या डोक्यावर ठेवायची. आत एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, मोजकेच रेझिस्टर आणि कपॅसिटर आणि एक नॉब. पुढे पेडल बनवणाऱ्या पीट कॉर्निशने ब्रायनसाठी टीबी-८३ बनवला, नव्वदच्या दशकात ग्रेग फ्रायरनेही त्याच्यासाठी बूस्टर बनवले, पण मूळ कल्पना तीच राहिली.

ट्रेबल बूस्टर नाव ऐकून लोकांना वाटतं आवाज चिरका होईल. एकटा ऐकला तर होतोच चिरका. पण त्याचं खरं काम आहे अॅम्पमध्ये बेस कमी पाठवणं आणि अप्पर मिड्स जोरात ढकलणं. एसी३० पूर्ण उघडला की त्यात शिरणारा बेस आधी फुटतो आणि सगळं भसाभस चिखल होतं, कॉर्ड वाजवली तर एकेक सूर वेगळा ऐकूच येत नाही. बूस्टरने तो बेस आधीच छाटला की डिस्टॉर्शन वरच्या भागात होतं, आणि जाडी अॅम्प आणि स्पीकर स्वतः परत भरून देतात. म्हणूनच ब्रायन डिस्टॉर्टेड आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवतो आणि तरी सगळे सूर स्वच्छ वेगळे कळतात. मला विचाराल तर या सगळ्या साखळीतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे.

विकत घेताना जर्मेनियम की सिलिकॉन हा प्रश्न येतो. जर्मेनियम जास्त मऊ आणि गोड, व्हॉल्यूम कमी केला की सुंदर क्लीन होतो, पण उष्णतेला फार नाजूक, लीकेज (नको असलेला प्रवाह) वाढतं आणि बायस (ट्रान्झिस्टरचं बसवलेलं व्होल्टेज) सरकतो. नागपुरात मे महिन्यात उघड्या स्टेजवर वाजवणार असाल तर सिलिकॉनच घ्या. घरी आणि स्टुडिओत वाजवणाऱ्याला जर्मेनियम नक्की आवडेल. रेंजमास्टरचे क्लोन, कॅटलिनब्रेडसारख्या कंपन्यांचे बूस्टर, बीएसएमचे बूस्टर, नाइट ऑडिओचे कॅट बूस्टर, हे सगळे याच घराण्यातले.

हाताने बनवायचा असेल तर नवशिक्यांसाठी यापेक्षा चांगला प्रोजेक्ट नाही. पीएनपी जर्मेनियम, ओसी४४ किंवा तसाच चांगला गेन आणि कमी लीकेजवाला, इनपुटला ०.००५ मायक्रोफॅरड, ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायाला ४७० के आणि ६८ के ओहमचे रेझिस्टर, एमिटरला ३.९ के आणि त्याच्यावर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरला १० के पॉट हाच बूस्टचा नॉब, आउटपुटला ०.०१ मायक्रोफॅरड. कलेक्टरवर ग्राउंडच्या तुलनेत उणे सात व्होल्टच्या आसपास आलं की बायस बसला. ट्रान्झिस्टरनुसार ६८ के किंवा ३.९ के थोडा वर-खाली करावा लागतो, म्हणून तिथे आधी ट्रिमपॉट लावून बघा आणि मग पक्का रेझिस्टर लावा. इनपुटचा कपॅसिटर ०.०१ केला तर मिड्स आणखी जाड येतात, पातळ सिंगल कॉइलवाल्यांनी हे जरूर करून बघावं. एक धोका मात्र ध्यानात असू द्या, जुन्या पद्धतीचा हा सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचा असतो, त्याला बाकी पेडलसोबत एकाच डेझी चेन अॅडॉप्टरवर अजिबात लावू नका, शॉर्ट होईल. नऊ व्होल्टची बॅटरी महिनोन्‌महिने चालते, तीच वापरा.

जागा कुठे? गिटारनंतर लगेच, पहिलाच. या बूस्टरचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) कमी असतो, तो गिटारच्या पिकअपवर आणि व्हॉल्यूम पॉटवर थेट भार टाकतो आणि त्यातूनच तो गोडवा आणि नॉबने क्लीन होण्याची गंमत येते. मध्ये बफर (सिग्नल वेगळा करून पुढे देणारं सर्किट) असलेला ट्यूनर किंवा दुसरं पेडल आलं की हे नातं तुटतं आणि आवाज टोचायला लागतो. ट्यूनर बूस्टरच्या नंतर लावा. आणि बूस्टर कायम चालू. सोलोपुरता दाबायचा आणि मग बंद करायचा असं ब्रायनच्या पद्धतीत नाही.

अॅम्पकडे येऊ. एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह, कॅथोड बायस, निगेटिव्ह फीडबॅक नाही, आणि दोन बारा इंची सेलेस्टियन ब्लू स्पीकर, अॅल्निको चुंबकाचे. यामुळे अॅम्प हळूहळू फुटतो, दाबला की थोडा दबतो आणि सूर सोडला की परत फुगतो, जणू श्वास घेतोय. लोक एसी३० म्हटलं की टॉप बूस्ट चॅनलला जातात कारण बाकीच्यांचा चमकदार झणझणीत आवाज तिथलाच, पण ब्रायन नॉर्मल चॅनल वापरतो. नॉर्मलला ट्रेबल-बेसचे नॉब नाहीत, आवाज जाड आणि थोडा बोथट, आणि बूस्टरची वरची धार तिथेच बरोबर बसते. टॉप बूस्ट चॅनलमध्ये ट्रेबल बूस्टर घातला तर कानात सुई टोचल्यासारखं होतं.

हल्लीच्या एसी३० कस्टमवर सुरुवात अशी करा: नॉर्मल चॅनलमध्ये जॅक, मास्टर पूर्ण, नॉर्मल व्हॉल्यूम घड्याळातल्या तीनच्या काट्यापर्यंत किंवा पूर्ण, रिव्हर्ब आणि ट्रेमोलो शून्य. टोन कट हा नॉब उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो, त्याला मध्यावर ठेवून खोलीप्रमाणे हलवा. बूस्टर पूर्ण. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना लीड, सातच्या आसपास रिदम आणि तीन-चारवर जवळजवळ क्लीन आवाज आला पाहिजे. तीनवरही खूप फाटत असेल तर बूस्टर थोडा कमी करा, आणि दहावरही सूर टिकत नसेल तर बहुतेक अॅम्प पुरेसा उघडलेला नाही किंवा पिकअप तारांपासून फार लांब आहेत. गिटारचा व्हॉल्यूम पॉट चांगला गुळगुळीत फिरणारा असू द्या कारण पूर्ण कार्यक्रमभर करंगळी त्याच्यावरच राहणार आहे.

आता खरी अडचण, तीस वॉटचा एसी३० पूर्ण उघडणं म्हणजे सोसायटीत शक्यच नाही. ठाण्यातल्या टू बीएचकेमध्ये तर विचारही करू नका. पर्याय तीन. एसी४ किंवा एसी१० सारखा छोटा अॅम्प, यांच्यातही ईएल८४ च आहे आणि ते लवकर फुटतात, पण चार वॉटसुद्धा पूर्ण उघडले तर शेजारच्यांना व्यवस्थित ऐकू जातात. दुसरा, अॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अॅटेन्युएटर (ताकद कमी करणारा डबा), त्याचे ओहम अॅम्पशी जुळलेले हवेत, आणि स्पीकर किंवा लोड काढून व्हॉल्व्ह अॅम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तिसरा, मॉडेलर किंवा प्लगइन, म्हणजे अॅम्पची डिजिटल नक्कल. यात एसी३० चे एकापेक्षा जास्त मॉडेल असतात, त्यातलं नॉर्मल किंवा टॉप बूस्ट नसलेलं निवडा, गेन आणि मास्टर दोन्ही वर, आणि कॅबिनेटला अॅल्निको ब्लूचा आयआर (स्पीकरच्या आवाजाचा डिजिटल नमुना) लावा. बूस्टर शक्यतो खरा, बाहेरचा, पहिला ठेवा, आणि तिथून इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला जा, लाइन इनपुटला नाही. इनपुटवर क्लिपचा लाल दिवा लागू देऊ नका, तो फाटलेला आवाज अॅम्पच्या फाटण्याशी काहीच जुळत नाही. अमेरिकेहून कोणी जुना अॅम्प आणून देत असेल तर मागे १२० व्होल्टचा लिहिलाय का ते बघा, आपल्याकडे २३० आहेत, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: आधी बूस्टर, मग आहे त्या गिटारचं सीरीज वायरिंग, मग अॅम्प, आणि खरे ट्राय-सोनिक सगळ्यात शेवटी. मूळ ट्राय-सोनिकचा आकार स्ट्रॅटच्या पिकअपपेक्षा मोठा असतो, बॉडी कोरावी लागते, तेव्हा स्ट्रॅटच्या मापाचा ट्राय-सोनिक प्रकार शोधा आणि ऑर्डर करण्याआधी मापं घ्या. मुळात नवीन गिटारच घ्यायची असेल तर ब्रायन मे गिटार्सची स्पेशल घ्या, तिच्यात तीन पिकअप आणि सहा स्विच फॅक्टरीतूनच येतात, वायरिंगचा सगळा त्रास वाचतो.

हाताबद्दल बोललं नाही तर सगळं वाया. ब्रायन प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, जुन्या इंग्लिश सिक्सपेन्स नाण्याने वाजवतो. धातू कडक असल्यामुळे वाकत नाही, मग सगळा ताबा बोटांच्या पकडीतून येतो, आणि नाण्याच्या कडेला ज्या बारीक खाचा असतात त्या तारेवर घासून सुराच्या सुरुवातीला एक खरखर देतात, व्यंजनासारखी. नाणं तारेला समांतर ठेवलं की मऊ, थोडं तिरकं केलं की खरखर. सिक्सपेन्स ऑनलाइन मिळतं, पण आपल्याकडे जुनी पावली आहे ना, तांबं-निकेलची, १९ मिलिमीटरची, मापाने सिक्सपेन्सच्या अगदी जवळ. पंचवीस पैसे २०११ पासून चलनातून गेलेत, घरात डब्यात सापडतील, त्यातली कडेला खाचा असलेली निवडा, नंतरची स्टीलची नको. अगदी हलक्या हाताने धरा. तारा ८ किंवा ९ च्या घ्या, त्याहून जाड नको, कारण त्याचे मोठे बेंड आणि सावकाश व्हायब्रॅटो मऊ तारांशिवाय येत नाहीत. नाण्याने तारा लवकर झिजतात, हे मान्य करूनच चला.

सगळीच गाणी याच साखळीवर नाहीत, हेही माहीत असू द्या, नाहीतर उगाच डोकं फोडत बसाल. "क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह" मधला सोलो क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याच्या टेलिकास्टर गिटारवर आहे. आणि १९७५ च्या "गुड कंपनी" मध्ये जो जॅझ बँड वाजतोय असं वाटतं, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट वगैरे, तो सगळा गिटारचा आवाज आहे पण एसी३० चा नाही, तो डीकी अॅम्पचा. क्वीनचा बेसिस्ट जॉन डीकन याला १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये कचऱ्याच्या स्किपमध्ये (मोठ्या कचराकुंडीत) एक सर्किट बोर्ड सापडला, पोर्टेबल रेडिओच्या जातीचा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला, त्याने तो एका छोट्या स्पीकर कॅबिनेटमध्ये बसवला आणि बॅटरीवर चालवला. त्याला व्हॉल्यूम नाही, टोन नाही. पुढे ट्रेबल बूस्टर लावला की तो व्हायोलिन, बासरी, पितळी वाद्यं, काहीही होतो.

हा आवाज घरी काढायला एक छान मार्ग आहे. माळ्यावर पडलेला जुना बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, साठ-सत्तरच्या दशकातला, तर त्याचा ऑडिओ भाग बहुतेक अशाच पद्धतीचा असतो, आउटपुटला एसी१२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि छोटे ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला रेडिओकडून येणारी वायर सोडवायची आणि तिथे बूस्टरचं आउटपुट एका कपॅसिटरमधून द्यायचं, रेडिओचा ग्राउंड जॅकच्या बाहीला, म्हणजे ग्राउंडच्या जोडाला. रेडिओ पॉझिटिव्ह ग्राउंडचा असू शकतो, म्हणून दोघांच्या बॅटऱ्या वेगवेगळ्या ठेवा. फक्त बॅटरीवाल्या रेडिओवरच हे करा, विजेवर चालणारा जुना व्हॉल्व्ह रेडिओ उघडू नका, आत जीवघेणं व्होल्टेज असतं आणि काहींची चासी थेट मेन्सला जोडलेली असते. माइक स्पीकरच्या अगदी जवळ लावा, नेक पिकअपने वाजवा, सुराची सुरुवात व्हॉल्यूम नॉबने हळूच उघडा, आणि एका वेळी एकच सूर वाजवा, कॉर्ड नको.

कारण डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्यातून तिसरेच सूर तयार होतात आणि हार्मनी गढूळ होते. १९८० च्या "द गेम" या अल्बमपर्यंत क्वीनने सिंथेसायझर वापरलाच नाही, ते सगळे गिटारचे ऑर्केस्ट्रा एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करून बांधलेले आहेत. तुम्हीही तसंच करा. तीन आवाजांची हार्मनी असेल तर प्रत्येक ओळ वेगळ्या ट्रॅकवर, प्रत्येकीला वेगळं पिकअप कॉम्बिनेशन, एक ब्रिज-मिडल, एक नेक-मिडल, एक आउट ऑफ फेज, म्हणजे तिन्ही एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. मधली ओळ मध्ये, बाकी दोन डावी-उजवीकडे. प्रत्येक ट्रॅकचा गेन एकट्या सोलोपेक्षा थोडा कमी, आणि तिन्हींचा व्हायब्रॅटो एकाच वेगाचा येईपर्यंत परत परत वाजवा.

लाइव्हला "ब्रायटन रॉक" या गाण्यासारखं स्वतःशीच कॅनन (तीच ओळ थोड्या अंतराने पाठोपाठ) वाजवायचं असेल तर याच कारणासाठी तीन अॅम्प लागतात. मधल्यावर कोरडा सिग्नल, एका बाजूच्या अॅम्पवर पहिला डिले, दुसऱ्या बाजूला दुप्पट वेळेचा. सत्तरच्या दशकात त्याने एकोप्लेक्स टेप मशीनची पट्टी लांब करून घेतली होती, आपल्याला डिजिटल डिले सरळ ८०० आणि १६०० मिलिसेकंदला लावता येतो, प्रत्येकाचा रिपीट एकच आणि त्याची पातळी मूळ सुराएवढीच. डिले बूस्टरच्या नंतर. एकाच अॅम्पमध्ये तिन्ही घातले तर ते आत एकमेकांत फुटतात, म्हणून दोन अॅम्प असतील तर एक कोरडा आणि एक डिलेचा असं दोन आवाजांवर भागवा, आणि एकच असेल तर डिले अॅम्पच्या आधी न लावता माइकने पकडलेल्या आवाजावर, मिक्सरमध्ये लावा.